माझे अडकलेले चाक

मी एक जुने होडीचे इंजिन आहे. मित्रांनो, मला होडीच्या मागच्या फळीला आवळून बसवतात. माझा पंखा पाण्यात असतो आणि माथ्यावर एक जड लोखंडी चाक. त्याला दोरी गुंडाळून जोरात ओढली की ते गरकन फिरते, त्याच्या पोटातल्या चुंबकाने ठिणगी पडते आणि मी धडधडू लागते.

माझा जन्म विलायतेचा. आगबोटीने मुंबईला आले आणि तिथून भाटघरच्या धरणावर. धरण तेव्हा नवे होते. पाणी येळवंडीच्या खोऱ्यात पसरले आणि पलीकडच्या गावांची पायवाट बुडाली. मग त्या गावांची वाट मीच झाले. ज्ञानू नावाडी मला चालवायचा. देवी टोचणारे डॉक्टर, बियाण्याची पोती, हळद लागलेल्या नवऱ्या, सगळ्यांना मी पार नेले. माझा आवाज आला की पोरे काठावर धावत यायची. रोज संध्याकाळी ज्ञानू मला पुसून तेल द्यायचा. ते दिवस सुखाचे होते.

मग मोठी लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासे झाले. मला बारदानात गुंडाळून धरणाच्या भांडारात टाकले. छपरातून ठिबकणारे पाणी चाकाखाली शिरले. गंज चढला आणि चाक आतल्या दांड्याला चिकटून बसले. बाहेर लाटा काठावर आपटत. मला सगळे ऐकू येई, पण जागचे हलता येत नसे. किती पावसाळे असे गेले, कोण जाणे! लढाई संपली, तरी बारदान कोणी सोडले नाही.

एका आषाढात दार धाडकन उघडले. ज्ञानू नखशिखांत भिजला होता. मागे भांडाराचे कारकून नारायणराव होते.

“रावसाहेब, आमची आय टेकाडावर अडकलीया!” ज्ञानू म्हणाला. “म्हशी चारायला गेली अन् चहूकडनं पाणी चढलं. वाऱ्यापुढं वल्ही चालत न्हाईत. दोनदा मागं फिरलो. आता हेच इंजिन कायतरी करंल.”

नारायणरावांनी घासलेट ओतून आतला गंज सैल केला, तेव्हा दोरी ओढल्यावर मी फिरू लागले. पण ठिणगी पडेना. ठिणगीची जागा चाकाखाली गंजली होती. ती घासायची तर चाक काढायला हवे, आणि चाक तर दांड्याला चिकटलेले! त्यांनी भिमा लोहाराला बोलावले. त्याची बायको रतनबाईही आली. घण मारायला तीच त्याच्या जोडीला असायची.

भिमाने पान्याने चाकावरचा नट सैल केला, पण काढला नाही, दांड्याच्या टोकाशी तसाच ठेवला. ज्ञानूने चाकाची कड धरून मला उचलले. माझे सगळे ओझे त्या चाकाला लोंबकळले. भिमाने वरून नटावर ठोका दिला. काही नाही. पुन्हा दिला. मी आतून सुटायला धडपडत होते, पण गंज काही सोडेना.

“मोठा घण घालू का?” भिमाने विचारले.

“नको! दांडा वाकला तर सगळंच संपलं,” नारायणराव म्हणाले.

“मग तापवतो. लोखंड फुगंल.”

“आगीनं आतली तारेची गुंडाळी जळेल, भिमा.”

 दारातून टेकाड दिसत होते. ज्ञानूची नजर तिथून हटेना.

“आग नगं,” रतनबाई म्हणाली. “आधणात फडकी भिजवून चाकाच्या मधोमध गुंडाळा. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती तापून फुगती, तसं हे बी जरा फुगंल.”

नारायणरावांनी मान डोलावली. “हे जमेल. करा लवकर.”

वाफाळती फडकी गुंडाळली. ज्ञानूचे हात पोळत होते, तरी त्याने मला सोडले नाही. “सूट रं माझ्या बाबा,” तो पुटपुटला. भिमाने ठोका मारला. टक्! चाक सुटून सैल झाले. कितीतरी वर्षांनी माझ्या आत वारा शिरला! नारायणरावांनी ठिणगीची जागा काचकागदाने घासून लख्ख केली. चाक पुन्हा चढले, मला होडीला आवळले आणि टाकीत पेट्रोल ओतले. पहिल्या ओढीला मी खोकले. दुसऱ्या ओढीला धडधडू लागले.

टेकाड आता खळ्याएवढे उरले होते. दोन म्हशींच्या मध्ये ज्ञानूची आई अंबूबाई उभी होती.

“आये, बस लवकर!”

“म्हशी टाकून म्या न्हाई यायची.”

“आगं, पाणी चढतंय!”

“चढू दे. ह्यांना कोण हाय दुसरं?”

ज्ञानूने कपाळावर हात मारला. मग तिला होडीत घेतले, म्हशींची दावी होडीच्या दोन्ही बाजूंना बांधली आणि मला अगदी हळू चालवले. धाकटी म्हैस मध्येच दमली. अंबूबाई होडीतून ओणवी झाली आणि म्हशीची हनुवटी दोन्ही हातांनी पाण्यावर धरून राहिली, थेट काठ लागेपर्यंत.

उतरल्यावर तिने माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. “लई तापलंय गं बाई हे!” ती म्हणाली. काठावरची सगळी माणसे हसली. रतनबाई मात्र हसता हसता डोळे पुसत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादी वस्तू गुंडाळून ठेवलेली असेल. कधीतरी गाठ सोडून तिला दोन थेंब तेल द्या, एक वेढा फिरवून बघा. टेकाडावरच्या माणसाला निदान हाक तरी मारता येते. कोपऱ्यात अडकलेल्या वस्तूला तीही मारता येत नाही. तिच्याकडे आपणच जावे लागते.