बाई खोटं बोलत नाहीत

पौषातली शनिवारची दुपार होती. नलिनीबाईंच्या ओट्यावर चाळणीत तांदळाच्या पिठाच्या करंज्या उकडत होत्या, आणि गॅसपुढे उभी असलेली शेफाली दर दोन मिनिटांनी झाकण उचलून आत डोकावत होती.

"अगं, सारखं उघडू नकोस, वाफ जाते सगळी," नलिनीबाई पाटावरून म्हणाल्या. "आणि एवढं कसलं कौतुक? वर तांदळाचं पीठ, आत गूळखोबरं. आमचा मोदकच की हा. कळ्या पाडायचा तेवढा कंटाळा केलास."

"मोदक नहीं मावशी, पीठा," शेफाली हसली. "थंडी में उधर घराघरात करतात."

उधर म्हणजे कुठे, हे त्या स्वयंपाकघरात कुणी विचारत नसे. शेफालीनं ते एकदाच सांगितलं होतं, पाच वर्षांपूर्वी. नदीनं तिचं घर आणि शेत गिळलं, नवऱ्यानं एका दलालाचा हात धरला, आणि दोघं कुंपणाखालून या देशात आली. कागद कसलाच नव्हता. नवरा बांधकामावर होता. पोटात मूल असताना तोही एक दिवस निघून गेला, तो परत दिसला नाही.

ते मूल म्हणजे तुली. आता चार वर्षांची झाली होती. उंबऱ्यावर बसून ती कोंबडीला दटावत होती, "ये, गप ऱ्हा की! तुला न्हाई द्यायाचं. माजंच हाय समदं." बंगाली तिला जेमतेम समजायचं. बोलायची ती या गावचं, घोटावड्याचं.

तुली जन्मली तीही नलिनीबाईंच्याच हातांत. बाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. शेवटची बदली या भागात झाली आणि निवृत्तीनंतर त्या इथंच राहिल्या. गाव त्यांना 'मिशनवाल्या बाई' म्हणे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नसे, पण पोराला ताप चढला की सगळ्यांचे पाय आपसूक त्यांच्याच दाराकडे वळत. बांधाचा वाद असो की टँकरच्या रांगेतलं भांडण, शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "बाईंना इचारा. बाई खोटं बोलायच्या न्हाईत." त्या मानाचं नलिनीबाईंना थोडं सुखही वाटे. खोटी साक्ष द्यायची नाही, ही बायबलमधली आज्ञा आईनं त्यांच्याकडून लहानपणी घोकून घेतलेली, आणि साठी उलटेपर्यंत त्यांनी ती पाळलेली.

एकदाच गफलत झाली होती. तुली जन्मली तेव्हा बाई तिची नोंद करायला निघाल्या होत्या. वाटेत कोंडाजीअण्णा आडवे आले.

कोंडाजीअण्णा म्हणजे शेफालीचे घरमालक. कारखाने आले तशी भाताची खाचरं बुजवून त्यांनी चौदा खोल्यांची चाळ बांधली होती. गावात आता सगळ्यांचीच अशी चाळ. आणि रीतही सगळ्यांची एकच. भाडेकरूला नाव-गाव विचारायचं नाही, करार करायचा नाही, पोलिसांत कळवायचं नाही. ज्याच्याकडे कागद नाही तो भाडेकरू तर सगळ्यात सोयीचा, कारण तो कधीच तक्रार करत नाही. नळाला पाणी नाही म्हणून ओरडत नाही. भातलावणीला मालकानं हाक मारली की मुकाट चिखलात उतरतो. शेफाली पाच वर्षं उतरत होती.

"बाई, कशाला नोंद?" अण्णा तेव्हा म्हणाले होते. "आईचा कागद मागतील. मंग चाळीची चवकशी. त्या पोरीलाच त्रास. ऱ्हाऊद्या." शेफालीनंही पाय धरले होते. नलिनीबाई घरी परतल्या. त्या कुणाशी खोटं बोलल्या नाहीत, फक्त गप्प राहिल्या. अळीमिळी गुपचिळी. तुली या जगात आली ती कुठल्याच वहीत न येता.

तर त्या शनिवारी करंज्या उकडून होतात न होतात, तोच कोंडाजीअण्णा दारात उभे.

"सोमवारी पोलीस येणारेत. समद्या खोल्या तपासणार हायेत." त्यांनी शेफालीकडे बघितलं, मग नजर वळवली. "बाई, जरा भाईर या."

बाहेर पेरूच्या झाडाखाली ते आवाज खाली करून म्हणाले, "मी सांगणार, कलकत्त्याची हाय, कागद गावाकडं ऱ्हायलेत. माज्यावर कोन इस्वास ठेवतंय? पन तुमी नुसती मान डोलावली तरी सायेब माघारी जाईल. येवढंच करा."

"अण्णा, मी खोटं बोलत नाही."

"ठाऊक हाय की! म्हनून तर तुमच्याकडं आलो."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नलिनीबाई आत आल्या, तर शेफालीनं करंज्या ताटलीत मांडल्या होत्या आणि पहिली त्यांच्यापुढे केली. तिनं सगळं ऐकलं होतं. विचारलं मात्र काही नाही. बाईंनी करंजी परत ताटलीत ठेवली.

"पळून जा कुठंतरी," त्या अखेर म्हणाल्या.

"कहाँ, मावशी? पाच बरस झाले. तुली दुसरं काही ओळखत नाही." मग हळूच म्हणाली, "तुम्ही आहात ना."

रविवारी नलिनीबाईंच्याच घरी प्रार्थना असे. पिरंगुटकडून चर्चचे पाळक दयानंद यायचे, हिंजवडीच्या कंपन्यांतली चार-पाच मुलं यायची. गाणी झाली, चहा झाला, आणि बाईंनी नाव न घेता विषय काढला. कुणी परवानगीशिवाय देशात आलं असेल, आणि ते आपल्याला ठाऊक असेल, तर आपण काय करावं?

मृण्मयी नावाची संगणकवाली मुलगी लगेच बोलली. "काकू, राग मानू नका. माझा भाऊ परदेशी जायच्या परवान्यासाठी तीन वर्षं रांगेत उभा आहे. एकही नियम मोडला नाही त्यानं. मग रांग मोडणाऱ्यांवर दया करायची आणि रांगेतल्यांना मूर्ख ठरवायचं का? कायदा सगळ्यांना सारखा हवा. तोही न्यायच आहे ना?"

पोरगी काही दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं खोटंही नव्हतं.

"पण येशूचे आईबाप तरी कुठला कागद घेऊन परक्या मिसर देशात गेले?" बाई म्हणाल्या. "राजा बाळांना मारत सुटला म्हणून पळाले. तिथल्या कुणीतरी दार उघडलंच असेल ना? त्यानं कागद मागितला असता तर?"

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. दयानंद सज्जन माणूस. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "शास्त्र सांगतं, राज्यकर्त्यांचं ऐका. शास्त्रच सांगतं, परक्याला घरात घ्या. दोन्ही सांगतं, नलिनीताई." मग आवाज उतरला. "खरं सांगू? माझी भीती वेगळीच आहे. आपण मूठभर. आधीच लोक म्हणतात, हे बाटवायला आलेत. उद्या म्हणतील, घुसखोरांना लपवतात. ही प्रार्थनाच बंद पडेल. तुम्ही खोटं बोलू नका, आणि आपणहून काही सांगूही नका. गप्प राहा. गप्प राहण्यात पाप नाही."

नलिनीबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. हा मधला रस्ता आपल्याला कसा सुचला नाही! खोटं बोलायचं नाही, खरंही सांगायचं नाही. म्हणजे मनही साफ आणि पोरगीही सलामत. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. वाचकहो, शहाण्या माणसांची चूक अशीच असते. ती करताना झोप चांगली लागते.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गाडी आली. एक साहेब, एक हवालदार आणि स्नेहल नावाची महिला पोलीस. चाळीपुढे भाडेकरूंची रांग लागली. बिहारची पोरं, लातूरची जोडपी, आपापले कागद हातात धरून. एकेकाचं काम उरकत होतं. साहेब तुसडे नव्हते, कंटाळलेले होते. अण्णांची बायको तुळजाबाई त्यांना चहा देत होती.

पाच नंबरची खोली आली. शेफाली तुलीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"नाव? गाव?"

"शेफाली. कलकत्ता."

"कागद?"

"गावाकडं ऱ्हायलेत, सायेब," अण्णा पुढे सरले. "पाच वर्सं हाय हितं. लई गरीब बाई."

"पाच वर्षं? मग तुम्ही नोंद का नाही केली?"

अण्णांनी कानावर हात ठेवले. "आमी अडानी मानसं, सायेब. ती म्हनली कलकत्ता, आमी म्हनलं असंल. आमाला काय ठावं?" जिला पाच वर्षं फुकट चिखलात उतरवलं, तिच्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं! मग त्यांनी गर्दीकडे वळून बोट दाखवलं. "या आमच्या बाईंना इचारा. सरकारी नर्स हुत्या. त्यांच्या घरात ऊठबस हाय हिची. आख्ख्या गावाला इचारा, बाई खोटं बोलायच्या न्हाईत."

"व्हय, व्हय," दोन-चार जणांनी माना हलवल्या. गावाला खरंच अभिमान होता बाईंचा.

साहेबांनी खुर्ची पुढे करायला सांगितली. "बसा बाई. तुम्ही सांगा, ही कलकत्त्याचीच ना? तुम्ही हो म्हणालात तर मी कागदाला पंधरा दिवसांची मुदत देतो. वाद नाही."

एक 'हो'. पंधरा दिवस. नलिनीबाईंनी शेफालीकडे पाहिलं. शेफालीच्या डोळ्यांत भीती नव्हतीच. बाईंना आयुष्यभर टोचत राहील ते हेच. तिच्या डोळ्यांत विश्वास होता.

बाईंचे ओठ हलले. आई आठवली, आईनं घोकून घेतलेली आज्ञा आठवली. पाळकांचं बोलणं आठवलं. गप्प राहण्यात पाप नाही. त्यांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली.

साहेब थांबले. गाव थांबलं. नळाखालच्या बादलीतून पाणी वाहायला लागलं तरी कुणी उठलं नाही.

दुसरं कुणी गप्प राहिलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारी गांगरली. पण या बाई खोटं बोलत नाहीत हे गावानं आत्ताच छातीठोक सांगितलेलं. खरं असतं तर बाई 'हो' म्हणाल्या असत्या. 'हो' म्हणाल्या नाहीत, म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळलं. साहेबांनी वही मिटली.

"स्नेहल, हिला गाडीत बसवा."

"सायेबांना 'मला न्हाई ठावं' म्हणा ना, मावशी!" शेफाली आता ओरडली. तिला ऐन वेळी मराठीच सुचली. "कायतरी बोला! मावशी!"

"थांबा," नलिनीबाई उठल्या. "थांबा साहेब, ही... हिची मुलगी माझ्या हातांत जन्मली. या खोलीत. मुलगी इथलीच आहे."

"नोंद आहे?"

नव्हती. अण्णा जमिनीकडे बघत होते.

तुलीला काय चाललंय ते समजत नव्हतं, पण आई रडते आहे एवढं दिसत होतं. तिनं स्नेहलचा हात झटकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमाला कुटं नेतीस? आमी हितलंच हाये!"

स्नेहल पौडकडची होती. तिच्या स्वतःच्या घरात पोरं असंच बोलत. तिचा हात तिथंच थांबला आणि तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेब दुसरीकडे बघत म्हणाले, "पोर लहान आहे, आईबरोबरच जाईल." त्यात त्यांनी काही वावगं केलं नव्हतं. आईपासून लेकरू तोडणं जास्त वाईट, हे कुणीही सांगेल. गाडी निघाली. तुळजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग उरलेल्या कपबशा गोळा केल्या.

नलिनीबाई त्यानंतर नऊ दिवस रोज ठाण्यात गेल्या. कधी एसटीनं, कधी कुणाच्या दुचाकीवर. त्यांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहून नेला. मुलगी अमुक दिवशी घोटावड्यात जन्मली, सुईण मी, नोंद न करण्याचा गुन्हा माझा आणि घरमालकाचा. हवालदारानं तो दोनदा वाचला. "बाई, तुमचं मन मोठं. पण त्यांना इथनं हलवलंय. आता हे कुठं जोडू?" दहाव्या दिवशी कळलं, दोघींना सीमेकडे नेलं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. जी नदी घर गिळून गेली, तिच्याच काठी कुठंतरी तुली कुणाला तरी घोटावड्याचं मराठी बोलत असेल, आणि तिथं तिला म्हणत असतील, ही परकी कुठली?

रविवारी प्रार्थनेत पाळक म्हणाले, "नलिनीताईंनी सत्य सोडलं नाही, देवाचे आभार मानू या."

"मानू नका," नलिनीबाई म्हणाल्या. सगळे दचकले. "मी सत्य सांगितलं नाही. सत्य सांगायचं होतं तर चार वर्षांपूर्वी सांगायचं, वहीत लिहून, अण्णांशी भांडून. तेव्हा त्या लेकराला नाव तरी मिळालं असतं. मी माझी आज्ञा जपली, आणि माणसं घालवली." त्यांचा आवाज फुटला. मृण्मयी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

महिना झाला नाही तोच पाच नंबरच्या खोलीचं कुलूप निघालं. एक जोडपं आलं होतं. बाईला सातवा महिना असावा, नलिनीबाईंच्या डोळ्यांना लांबूनच कळलं. अण्णा रस्त्यातच भेटले.

"कुठली?" नलिनीबाईंनी विचारलं.

"आसामची म्हनत्यात," अण्णा पुढे चालत म्हणाले. "आपल्याला काय करायचंय, बाई? तुमी फक्त दिवस भरलं की बघा. नोंदबिंद नगं."

नलिनीबाई त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. कधीकाळी अण्णा त्यांना आडवे आले होते, तशाच.

"नोंद होणार अण्णा. तिची आजच दवाखान्यात, आणि बाळाची ते जन्मेल त्या दिवशी, घरमालक म्हणून तुमच्या नावासकट. आणि पुन्हा कधी गाडी आली आणि मला विचारलं, तर मी काय बोलेन ते मला आज ठाऊक नाही. खरं बोलेन की खोटं, देव जाणे. पण गप्प राहणार नाही."

अण्णा हसले, मग हसायचे थांबले. बाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.