एकोणपन्नास दिवस, सतरा तास

भाच्याने हस्तलिखिताचं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने भागाकार मांडला. आत्याच्या कादंबरीतल्या अंतराळयानात सगळे प्रवासी गाढ झोपलेले होते आणि त्यांच्या श्वासावर पाळत ठेवणारं यंत्र काही आठवड्यांनी, काहीही न बिघडता, आपसूक मुकं होत होतं. असं कधी होत नसतं, असं तो जेवताना म्हणून बसला होता. सॉफ्टवेअर लिहिण्यावरच त्याचं पोट होतं. आत्या हट्टाला पेटली. होतं की नाही ते मांडून दाखव, म्हणाली.

आता त्यालाच मजा यायला लागली होती. यंत्र सेकंदाला हजार ठोके मोजणार, म्हणजे दिवसाला आठ कोटी चौसष्ट लाख. स्वस्तातल्या यंत्रात आकडा मावतो चारशे एकोणतीस कोटींपर्यंत. तेवढा झाला की मोजणी पुन्हा शून्यावर. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे ध्यानात घेतलं नसेल, तर पुढची तपासणी त्याहून मोठ्या आकड्यावर ठरणार, तो आकडा कधी येणारच नाही आणि यंत्र त्याची वाट बघत बसणार, जन्मभर.

"एकोणपन्नास दिवस, सतरा तास," तो म्हणाला. "जिंकलीस, आत्या."

आत्याने खुशीत समासात आकडा टिपून घेतला. फक्त, असला ढिसाळ प्रोग्राम कुठला गाढव लिहील, एवढं तिला कळायला हवं होतं. वाचक विचारतात.

तो हसला आणि हसता हसता थांबला. पलीकडच्या खोलीत तिचे यजमान, त्याचे आतोबा, अंथरुणाला खिळून होते. उशाशी त्यानेच जोडलेली डबी होती. श्वास अडखळला की आत्याच्या मनगटावरची पट्टी थरथरायची. त्या भरवशावर ती या खोलीत बसून लिहीत होती. डबीचा प्रोग्राम त्याने एका सुटीत घाईघाईत उरकला होता.

"ती डबी मधे कधी बंद केली होतीस?"

छे, तू लावून गेलास तेव्हापासून एकदाही नाही, असं आत्या म्हणाली. धूळसुद्धा ती चालू ठेवूनच पुसायची.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. आज अठ्ठेचाळिसावा दिवस होता. तो पलीकडे गेला, डबीची वायर काढली, दहापर्यंत आकडे मोजले, परत लावली. हिरवा दिवा लागला; मोजणी नव्याने सुरू, आणखी एकोणपन्नास दिवसांची मुदत. आतोबा घोरतच होते.

वळला तर दारात आत्या. तिने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मनगटावरची पट्टी ती उगाच चाचपत होती.

"माझ्या यानातले सगळे मरतात," ती म्हणाली. "ते प्रकरण मी पुन्हा लिहिते. तू तुझं लिही. आज."

आणि खुर्ची ओढून ती नवऱ्याच्या उशाशी बसली.