कॅलेंडरात नसलेला वारा

"त्या खुर्चीवरून उतर," वग्दी एफेंदी कोंबडीला म्हणाले. ती उतरली नाही.

खुर्ची सोनेरी होती. समुद्रकाठच्या आमच्या अबू कीरमधल्या प्रत्येक बऱ्या घरात असते तशी, चादरीखाली झाकलेली, पाहुण्यांसाठी राखलेली. लग्न झाल्यापासून खुद्द वग्दी एफेंदींना त्या खुर्च्यांवर बसायला मिळालं नव्हतं. कोंबड्यांना पहिल्याच वादळात मिळालं. मागच्या अंगणातलं त्यांचं खुराडं मकनसाने, म्हणजे ‘केरसुणी’ वादळाने, झाडून नेलं होतं. आमच्याकडे वादळांना नावं असतात, आणि ती कॅलेंडरात तारखेसकट छापून येतात.

बायको इन्साफ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे दमनहूरला गेली होती. डोळा स्वच्छ झाला आणि त्या डोळ्याला लेकीचं घर फारच आवडू लागलं. तिथे कुणी सारखं उठून दाराची कडी तपासत नाही.

"कोंबड्या आहेत म्हणून येतेय हं," ती फोनवर म्हणाली होती. "नाहीतर इथं काय वाईट आहे?"

"मी आहे की इथं."

"तुम्हाला दाणे टाकावे लागत नाहीत."

वग्दी एफेंदींनी खुराड्याचा विषय काढला नाही. सारी नोकरी कस्टममध्ये गेली होती. विचारल्याशिवाय माल दाखवायचा नसतो, हे ते प्रवाशांकडूनच शिकले होते. ती यायच्या आत खुराडं उभं राहिलं म्हणजे झालं.

त्यांनी बयूमी सुताराला बोलावलं आणि त्याच्याभोवती दिवसभर येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळपर्यंत भिंती उभ्या राहिल्या.

"पत्र्याला आजच खिळे मारून टाकू," बयूमी म्हणाला.

"थांब. उतार चुकलाय. उद्या नीट करू."

"आणि वारा आला तर?"

"कॅलेंडर बघ की. पुढचं वादळ कासिम. त्याला अवकाश आहे."

"वाऱ्याला वाचता येतं होय?"

असं म्हणून बयूमीने तरीही कॅलेंडर पाहिलं. तोही इथलाच, त्यामुळे त्यालाही पटलं. दोघांनी पत्र्यावर विटा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला. बिननावाचा. पत्रा उडाला तो शेजारच्या हाजा नबविय्यांचे वाळत घातलेले कपडे घेऊन त्यांच्याच खिडकीवर आदळला. नबविय्या भल्या बाई. त्यांनी आधी वग्दींना लागलं नाही ना ते विचारलं, मग इन्साफला फोन केला.

"अगं, काळजी नको. कोंबड्या सुखरूप आहेत. दिवाणखान्यातच आहेत."

थोड्याच वेळात वग्दींचा फोन वाजला.

"सोनेरी खुर्च्यांवर?"

"चादरी आहेत वर."

ती ओरडेल म्हणून त्यांनी फोन कानापासून दूर धरला होता. ती ओरडली नाही.

"जावयाच्या गच्चीवर जागा आहे. उद्या मायक्रोबसने पाठवून द्या. लाल कोंबडी वेगळ्या टोपलीत घाला, ती दुसऱ्यांना टोचते."

"आणि तू?"

"माझा डॉक्टर इथंच आहे ना."

"खुराडं होत आलंय पण. उताराचाच काय तो प्रश्न—"

"अहो, जेवलात का?"

"जेवलो," वग्दी एफेंदी म्हणाले. जेवले नव्हते.

सकाळी त्यांनी टोपल्या मायक्रोबसमध्ये चढवल्या. "एफेंदी, माझ्या बाकीच्या सवाऱ्या यांच्यापेक्षा जास्त कलकलाट करतात," ड्रायव्हर म्हणाला. वग्दी हसले आणि बांधलेल्या दोऱ्या पुन्हा तपासल्या. गाडी सुटली तरी ते तिच्याबरोबर चार पावलं चालत गेले.

घरी बयूमी हत्यारं गोळा करत होता.

"मग आता राहू द्यायचं ना?"

"का?"

"कोंबड्या गेल्या की."

"पत्रा धर," वग्दी म्हणाले.

खिळे मारून होतात न होतात तोच पाऊस आला. बयूमी पळत वळचणीखाली गेला. वग्दी एफेंदी गुडघे टेकून रांगत खुराड्यात शिरले आणि कोंबड्यांसाठी बसवलेल्या दांडीखाली अंग चोरून बसले.

"साहेब, काय करताय? भिजाल."

"तेच बघतोय."

पत्रा वाजत होता. बराच वेळ काहीच गळलं नाही. मग डाव्या कोपऱ्यात एक थेंब पडला. वग्दींनी कानामागची पेन्सिल काढून तिथे खूण केली, आणि दुसरा कुठे पडतो ते पाहत बसून राहिले.