आत घेतलेली शिवण

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि कव्हर केव्हाच पिवळं पडलं आहे. पण हसू नका, मित्रांनो. एके काळी माझा थाट काही औरच होता.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझा डबा उघडला तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं मशीन, कपाटभर कापडं आणि गळ्यात कायम टेप. गिऱ्हाइकं माझ्यावर गळ्यांचे, बाह्यांचे फोटो पाठवायची. बाई खडूने माखलेल्या हातांनी मला उचलायच्या आणि म्हणायच्या, "हा आहे म्हणून माझं चाललंय!" मला कोण अभिमान वाटायचा.

मग त्यांच्यासाठी नवा फोन आला आणि मी त्यांच्या मुलीकडे गेलो. घरात तिला पिलू म्हणतात. वय सोळा. आधी मैत्रिणींच्या गप्पांनी माझे कान किटायचे. एका दुपारी तिने जोडीदार शोधायचं ॲप घेतलं. त्याने वय विचारलं, तिने एकोणीस लिहिलं. खरंखोटं करणं आमच्या हातात नसतं.

तिथे तिला 'तो' भेटला. फोटोत कुरळ्या केसांचा, विशीतला. सुरुवातीला इतका गोड बोलायचा की ती मला क्षणभर खाली ठेवत नसे. मग तो मध्येच गप्प होऊ लागला. तिचा जीव टांगणीला लागायचा. समोर ताट, डोळे माझ्यावर, घास घशाखाली उतरत नसे. परत आला की म्हणायचा, "फोटोत जाड दिसतेस." कधी म्हणायचा, "मैत्रिणी हव्यात की मी?" तिने एकेक मैत्रीण तोडली. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

एकदा त्याने फोन केला. मागून एक लहान पोर "बाबा, बाबा" करत होतं. "टीव्ही चालू आहे," तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला. टीव्हीचा आवाज मी ओळखतो, मित्रांनो. तो टीव्ही नव्हता. मला फार भीती वाटली.

बाई निष्काळजी नव्हत्या. पण 'बारीक झालात' म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पिलूचा ड्रेस ढगळ झाला, तेव्हा टेप लावून त्या हरखल्या. "अगं, कंबर किती उतरली! छान दिसतेस." आणि त्यांनी शिवण आत घेतली. काही दिवसांनी पुन्हा घेतली.

परवा त्याने भेटायला बोलावलं. पिलूने आईकडे नवा ड्रेस मागितला.

"कुणाचा वाढदिवस?"

"वर्गातल्या मैत्रिणीचा."

बाईंनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून ड्रेस शिवला. आज दुपारी तो तिच्या अंगावर चढवला, राहिलेला दोरा दातांनी तोडला.

"आई..." पिलू म्हणाली.

"काय गं?"

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "काही नाही," पिलू म्हणाली आणि मला पर्समध्ये टाकून निघाली.

आत्ता आम्ही बसस्टॉपवर आहोत. समोर काळ्या काचांची गाडी येऊन थांबली आहे. माझ्यावर मेसेज आला आहे : "आलो. मोबाईल बंद कर आणि मागे बस." तिचं बोट माझ्या बटणावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. मला काही नको. तुमच्या ओळखीत हल्ली गप्प गप्प असणारी, ताटावरून तशीच उठणारी कुणी पिलू असेल, तर तिला आत्ता फोन लावा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. नुसती रिंग वाजू द्या.

लवकर करा. मी अजून चालू आहे.