घर जाळण्याची सभा

टॅम्सिन वाचली. पण हे वाक्य झालंच नाही असं धरून चला, कारण त्या संध्याकाळी तिच्या बापाला ते ठाऊक नव्हतं.

बाप म्हणजे डॉक्टर एलिफलेट गॉरम. नव्या देशाच्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून बसून आलेला माणूस. पण स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा तो एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होता, म्हणून गावाबाहेर त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. गावात मात्र सगळे ओळखत. आत्ता ते सगळेच धुक्यातून होड्या वल्हवत, डांबराच्या मशाली घेऊन आले होते.

किनाऱ्याच्या टोकाला, मासे वाळवायच्या मांडवांपलीकडे, डॉक्टरांनी देवी टोचायचं घर काढलं होतं. निरोग्याला मुद्दाम थोडी देवी आणायची, म्हणजे पुढे मोठी येत नाही. गावाला यातलं ‘मुद्दाम आणायची’ एवढंच कळलं होतं. खाली टोचलेले गावकरी, वरच्या खोलीत टॅम्सिन. तिचा ताप हटत नव्हता, पुरळ धड बाहेर येत नव्हतं. त्या गार समुद्रवाऱ्यात तिला बाहेर नेलं तर ती जगणार नव्हती. आत ठेवली तर मशाली होत्याच.

“डॉक्टर, खिडकीत या!” ओबेड टार्बॉक्स चांभार ओरडला. “घर जाळायचंय.”

“मग माझं काय काम?”

“गावसभेचे सभापती तुम्ही ना? ठरावाशिवाय जाळायला आम्ही काय गुंड आहोत?”

डॉक्टर खिडकीतून बाहेर वाकले. “ठराव कोण मांडतो?”

“मी. हे घर जाळावं.”

“अनुमोदन?”

“आहे!” सगळा किनारा एकदम गरजला. मागे टॅम्सिन कण्हली, “बाबा, कोण आहे?”

“गावसभा आहे गं. तू झोप.”

आता हात वर करा म्हटलं की संपलं. तेवढ्यात खालच्या खोलीतून चर्चचा कारभारी डीकन एनॉस स्नो याचा खणखणीत आवाज आला. “आम्हीपण मतदार आहोत म्हटलं! पट्टी भरतो की!”

“तुम्ही गप्प पडून राहा, डीकन. अंगावर देवी आहेत तुमच्या,” डॉक्टर वरून म्हणाले.

“देवी आल्या म्हणून मत जातं, असं कुठल्या कायद्यात आहे?”

कुठल्याच नव्हतं. डॉक्टरांनी श्वास घेतला. “धुक्यात हात दिसत नाहीत. तेव्हा जाळा म्हणणाऱ्यांनी मांडवापाशी उभं राहावं, नको म्हणणाऱ्यांनी माझ्या होडीपाशी. आतले मतदारही बाहेर येतील.”

मशाली हलल्या. “आतले कशाला बाहेर आले पाहिजेत?” ओबेडचा आवाज चिरकला.

“मत मोजायला माणूस लागतो, ओबेड.”

डॉक्टर म्हणून त्यांना हे मुळीच करायचं नव्हतं. बाहेरच्यांना लागण झाली असती तर निम्मे मेले असते. त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली, की भित्र्यांनो, पळा रे. आणि कडी काढायला लावली.

डीकन पहिला बाहेर पडला, तोंडभर फोडांनी फुललेला. “मी जाळायच्या बाजूचा.”

“अहो, तुम्ही तर आतच राहता!” डॉक्टर वरून ओरडले.

“बायकोने आणलं म्हणून राहतो. तत्त्व ते तत्त्व. मांडव इकडेच ना?” म्हणत तो हसत गर्दीकडे निघाला.

गर्दीने बाजू बदलली नाही, किनाराच सोडला. मशाली पाण्यात विझल्या, होड्या धुक्यात शिरल्या. मांडवापाशी एकटा डीकन उरला, होडीपाशी बाकीचे रोगी. ठराव फेटाळला गेला.

“उद्या लांबून पेटवू!” धुक्यातून ओबेड ओरडला. “ठराव परत मांडू!”

डॉक्टर टॅम्सिनच्या उशाशी बसले. कपाळ अजून चटका देत होतं. वाऱ्याने दार वाजलं की ते दचकत. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि गावच्या पंचांना लिहिलं:

“सविनय विनंती, की यापुढे गावाला एखादं घर जाळायचं असल्यास सभापती त्या घराबाहेरचा निवडण्यात यावा.”