ती काय मागते

रोज सकाळी ती पुटपुटायला लागली की मिस्त्रींचा चहा कपातच निवायचा.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मिस्त्रींची हयात गेली होती, अजूनही ड्यूटी चालूच होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ते बिघाड अचूक सांगत. पण घरातला हा आवाज काही त्यांना उलगडत नव्हता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने बायकोचं चालणं गेलं, जीभ जड झाली. प्रार्थना तेवढी सुटली नाही. मिस्त्रींनी मात्र तेव्हापासून चर्चची पायरी चढली नव्हती. दर बुधवारी मंडळीतल्या बायका यायच्या, तिची वेणी घालायच्या, गीतं म्हणायच्या. मिस्त्री तेवढ्यापुरतं काहीतरी निमित्त काढून बाहेर पडत.

एकदा न राहवून त्यांनी त्यांतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना दारातच गाठलं. ती काय मागते, तुम्हाला तरी कळतं का?

"एका घरात राहता तुम्ही, आणि विचारता मला?" बाई हसून म्हणाल्या.

ते मिस्त्रींना लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते खाटेशी स्टूल घेऊन बसू लागले. आठवडाभरात एकच शब्द हाती लागला, 'पाय'. चालायचंच मागणार बिचारी. आणि देणारा ढिम्म.

मग एकेक शब्द सुटा होत गेला. शेजारणीची परीक्षेला बसलेली मुलगी. सुई टोचायला येणारी नर्स. स्वतःचं काहीच नाही. मग पाय कुणाचे? एका सकाळी त्यांनी कान थेट तिच्या ओठांशी नेला.

"ह्यांचे पाय... कोरडे राहू दे, बापा."

मिस्त्री चमकले. पंपघरात घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या कुजल्या होत्या. घरी ते कधी बोलले नव्हते. मोजे काढताना तिला खाटेवरून दिसलं असणार.

"अगं, आणि तुझे पाय?"

तिने बराच वेळ शब्द जुळवले. "माझं... त्याला माहीत आहे. तुम्ही... सांगत नाही ना त्याला."

त्या बुधवारी बायका आल्या तेव्हा मिस्त्री घरातच होते. शिक्षिकाबाईंनी नुसतं सरकून खाटेशी जागा केली. प्रार्थना सुरू झाली. तिचा उजवा हात उचलला जात नव्हता, डावा एकटाच अर्धवट वर आला. मिस्त्रींनी ग्रीसने काळवंडलेला आपला उजवा तळवा त्याला जोडला.