अकरा नग

त्या कंपनीच्या गेटमधून आत शिरलं की नाकात जो वास घुसतो, त्याला नाव नाही. सडक्या अंड्यांचा म्हणावा तर त्यात स्पिरिट आहे, आणि स्पिरिटचा म्हणावा तर जळकं रबर आहे. मी चिंचणीची, सुक्या मासळीच्या वासात वाढलेली. वासाचं कौतुक मला कुणी सांगू नये. तरी तारापूर एमआयडीसीतल्या त्या वासाने पहिल्या दिवशी मला चहा जाईना. पुढे वासाची सवय झाली. बाकीच्याची झाली नाही.

माझं काम रिपोर्ट सर्व्हर बसवून देण्याचं. बोईसर स्टेशनजवळ आमचं छोटं ऑफिस आहे, तिथून मला कंपन्यांमध्ये पाठवतात. लोकांना वाटतं रिपोर्ट म्हणजे रंगीत चार्ट. चार्ट कुणीही काढेल. खरं काम त्याच्या आधीचं. कंपनीची माहिती कधीच एका जागी नसते. हजेरी एका कॉम्प्युटरवर, स्टोअरचा माल दुसऱ्यावर, गेटवरच्या पाहुण्यांची नोंद तिसऱ्यावर. त्या प्रत्येक ठिकाणाहून सर्व्हरपर्यंत जोडणी करायची. पत्ता टाका, युजर टाका, पासवर्ड टाका, 'टेस्ट कनेक्शन' दाबा आणि हिरवी टिकली येईपर्यंत देवाचं नाव घ्या. जी जोडणी केली नाही तिथली माहिती सर्व्हरला दिसत नाही. मग ती कुणालाच दिसत नाही.

या कंपनीला गेटबाहेरच्या मैदानात बोर्ड म्हणून एक मोठा टीव्ही लावायचा होता. त्यावर एकच गोष्ट दिसणार होती : आत्ता आत किती माणसं आहेत. आग लागली, गॅस सुटला, तर सगळ्यांनी बाहेर पळायचं, मैदानातल्या मशीनवर अंगठा लावायचा आणि टीव्हीवरचा आकडा उतरत जायचा. तो शून्यावर आला की आत कुणी अडकलेलं नाही. कंपनीला ही हौस आपणहून आली नव्हती. परदेशातल्या गिऱ्हाइकाने अट घातली होती आणि बोर्ड बघायला त्यांची ऑडिटर येणार होती.

माझ्याशी बोलायला मालकांचा भाचा होता, हर्षित. पांढरे बूट, खिशात सॅनिटायझरची बाटली. दर दहा मिनिटांनी हातांना चोळायचा. "स्वातीबेन, बोर्ड एकदम टॉप दिसला पाहिजे," म्हणायचा. बोर्डावर काय दिसणार, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

हजेरीची जोडणी झाली, पाहुण्यांची झाली. मी गेटवर आकडा ताडून बघायला गेले तेव्हा वॉचमन अण्णा बायकांचा एक घोळका आत सोडत होता. अण्णा दांडी गावचे, पूर्वी होडीवर जायचे. बायका डोंगरातल्या पाड्यांवरच्या, वाणगावपर्यंत चालत येऊन पुढे टेम्पोने आलेल्या. कंत्राटदाराच्या. त्या मागच्या यार्डात केमिकलचे रिकामे ड्रम धुवायच्या. एकीनेही अंगठा लावला नाही. माझ्या बोर्डावरचा आकडा जिथल्या तिथे.

"अण्णा, यांचा अंगठा?"

"त्यांचा नाय लागत, मॅडम."

"नाही लागत म्हणजे?"

अण्णांनी पुढच्या बाईला हाक मारली. "नवसी, दाखव गो मॅडमना."

नवसी माझ्याच वयाची असेल. तिने पदराला बोट पुसलं आणि मशीनच्या काचेवर ठेवलं. आतली रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." नवसीने दुसरं बोट ठेवलं. तेच उत्तर. मग तिने पंजा उलटा करून माझ्यासमोर धरला. बोटांची टोकं गुळगुळीत, पांढरट. एकही रेघ नाही.

"डरम धुता धुता गेला सगला," ती म्हणाली आणि हसली. "आता चोरी केली तरी पोलिसाला घावायची नाय मी."

बाकीच्या बायकाही हसल्या. मला हसू आलं नाही. तेवढ्यात हर्षित गाडीतून उतरला. काय चाललंय ते त्याने पाहिलं, खिशातून टिश्यू काढला, त्यावर सॅनिटायझर ओतलं आणि जिथे नवसीचं बोट लागलं होतं ती काच घासून घासून पुसली. तिच्यासमोर. मग टिश्यू तिच्याच पायाशी टाकला. तिने तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि मला त्या माणसाची जी शिसारी बसली ती आजतागायत गेलेली नाही.

मग या बायकांची नोंद होते तरी कुठे? मी शोधत शोधत स्टोअरमध्ये पोचले. कंत्राटदाराचं बिल स्टोअरमधून निघतं, म्हणून सकाळी त्या आल्या की तिथला क्लार्क आवक चढवतो आणि संध्याकाळी गेल्या की जावक. स्क्रीनवर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. वरच्या ओळीत 'ड्रम, रिकामा', एकक : नग. खालच्या ओळीत 'लेबर, लेडीज', एकक : नग. क्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, स्टोअरमध्ये किलो, लिटर आणि नग एवढंच आहे. बाई काय लिटरमध्ये घेऊ?" आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण निदान नोंद होती. मी स्टोअरची जोडणी केली, त्यातून फक्त लेबरची ओळ उचलली आणि बोर्डाला जोडली. नगाच्या जागी 'व्यक्ती' करायचं काम तेवढं राहिलं होतं. ते उद्या करू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याआधीच हर्षितने बोर्ड पाहिला.

"हे स्टोअरवालं बंद करा."

"का? माणसं आहेत ती. आत असतात दिवसभर."

"माणसं आहेत, पण आपली नाहीत, स्वातीबेन. कंत्राटदाराची आहेत. बोर्डावर आली की ऑडिटर विचारणार, त्यांचे हातमोजे कुठे, ट्रेनिंग कुठे."

"मग हातमोजे द्या ना. आणि अंगठा लागत नसेल तर कार्ड द्या."

"कार्ड दिलं म्हणजे आमची झाली." त्याने हात चोळले. "तुम्ही जोडणीवाल्या आहात. जेवढं सांगितलं तेवढंच जोडा."

"आग लागली तर?"

"शुभ शुभ बोला."

मी ऑफिसला फोन केला. आमच्या साहेबांनी कानावर हात ठेवले. गिऱ्हाईक म्हणेल ते कर, म्हणाले. मी जोडणी पुसली नाही, फक्त बंद करून ठेवली. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आपल्या माणसांचीही किळस येऊ शकते, हे मात्र त्या दिवशी कळलं.

ऑडिटच्या दिवशी कंपनी ओळखू येत नव्हती. गेटवर झेंडूची तोरणं, जिथे तिथे फिनेल. म्हणजे अंडी, स्पिरिट, रबर आणि वर फिनेल. ऑडिटर जागृती मॅडम पुण्याच्या होत्या, साध्या, कमी बोलणाऱ्या. हर्षित त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होता. जेवणानंतर आगीची रंगीत तालीम होती. खोटी आग खरी वाटावी म्हणून आवारात पत्र्याच्या डब्यात धूर केला होता.

सायरन झाला. सगळे भराभर मैदानात आले, रांगेत अंगठे लावू लागले. टीव्हीवरचा आकडा उतरत गेला. शेवटचा फिटर धापा टाकत आला, अंगठा लावला आणि बोर्डावर हिरव्या अक्षरांत आलं : आत ० व्यक्ती. टाळ्या पडल्या. हर्षितने तर दोन्ही हात उंचावले.

मी लॅपटॉप घेऊन बोर्डाच्या खांबापाशी उभी होते. अण्णा माझ्याजवळ सरकले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, झिरो कसा? बाया हायत ना आत. नवसी हाय, सगल्या हायत."

"बाहेर नाही आल्या?"

"यार्डाला कुलूप हाय. पावण्यांना दिसायला नको म्हनून हर्षित सायेब बोलले बंद कर. मीच लावला." त्यांनी खिशातल्या किल्लीवर हात दाबून धरला होता. "मागचं दार तर कवाच वेल्डिंग केलाय. ही आग खोटी हाय, ते त्यांना कुनी सांगितला नाय. धूर तिकडंच चाललाय बगा."

खरंच, धूर यार्डाच्या बाजूला वळला होता. मी धावत हर्षितजवळ गेले आणि हळू आवाजात सांगितलं. त्याने मॅडमकडे बघून हसतच, ओठ न हलवता म्हटलं, "ड्रिल आहे, कुणी मरत नाही. मॅडम गेल्या की उघडू."

त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. मी परत खांबापाशी आले, लॅपटॉप उघडला आणि बंद ठेवलेली स्टोअरची जोडणी चालू केली. टेस्ट कनेक्शन. गोल फिरत राहिलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, हर्षितला एक शिवी घातली. हिरवी टिकली आली.

बोर्ड एकदा लुकलुकला आणि त्यावर आलं : आत ० व्यक्ती, ११ नग.

'व्यक्ती' करायचं राहूनच गेलं होतं.

टाळ्या थांबल्या. जागृती मॅडमनी चष्मा वर केला. "माणसांच्या बोर्डावर हे नग कसले?"

हर्षितने माझ्याकडे असं पाहिलं की डोळ्यांनीच खाऊन टाकेल. मग मॅडमकडे वळून म्हणाला, "ड्रम, मॅडम. रिकामे ड्रम. कॉम्प्युटरची चूक आहे, आत्ता काढतो."

तो हे म्हणाला. अकरा जिवंत बायका कुलपाआड धुरात कोंडलेल्या असताना, साखरेत घोळलेल्या आवाजात, ड्रम म्हणाला.

मैदानात सगळे गप्प होते, म्हणून ते ऐकू आलं. यार्डाच्या बाजूने पत्र्यावर कुणीतरी काहीतरी आपटत होतं. एकदा, दोनदा, मग धडाधड. मागून बायकांच्या किंकाळ्या.

जागृती मॅडमनी हर्षितकडे पाहिलं. "तुमचे ड्रम ओरडतात?"

अण्णांनी कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. या वयात ते इतकं पळतील असं मला वाटलं नव्हतं. आम्ही पोचेपर्यंत कुलूप निघालं होतं. बायका खोकत, डोळे चोळत, एकमेकींना धरून बाहेर आल्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती. कुणाच्याच हातात मोजे नव्हते. नवसीच्या हातात ड्रमचं लोखंडी झाकण होतं, त्यानेच तिने दार बडवलं होतं. "आग कुटं हाय?" ती विचारत होती. "आग कुटं हाय गो?"

आग नाहीच आहे हे तिला सांगताना माझी मान वर होईना.

जागृती मॅडम त्यांना स्वतः मैदानात घेऊन आल्या. बोर्डावर अजून ११ नग होते. त्यांनी नवसीच्या पाठीवर हात ठेवला आणि मशीनकडे बोट केलं. "आधी अंगठा लावा. तुम्ही सुखरूप बाहेर आलात, ते बोर्डाला कळू दे."

नवसीने झाकण खाली ठेवलं. पदराला बोट पुसलं, काचेवर ठेवलं.

"प्लीज ट्राय अगेन."

तिने दुसरं ठेवलं. मग तिसरं. मशीन तितक्याच गोड आवाजात तेच म्हणत राहिलं आणि हर्षितचा हात नकळत खिशातल्या बाटलीकडे गेला. शेवटी नवसीच थांबली. मॅडमना वाईट वाटू नये अशा बेताने ती समजुतीच्या सुरात म्हणाली,

"ते आमचा नाय घेत, बाई. आमाला डरमांत लिवतात."